आतलं दालन: हिरवं

३० मार्च, गुरुवार
आजपासून मी डोंगराच्या पोटात कामाला. जुनी लोखंडाची खाण, आता तिथे संगणकांची कपाटं. माझी वरिष्ठ रागनिल शहरात बसते, सत्तर किलोमीटरवर. तिने स्वतः गाडीतून आणून सोडलं आणि वाटेत वॅफल खाऊ घातलं. म्हणाली, "स्टाइनार, तुझी भाषणं आता दगडांना ऐकव. ते बिचारे मध्येच उठून जात नाहीत." माझ्याआधीचा ऑस्मुंड जानेवारीत न सांगताच निघून गेला म्हणे. कुणी चौकशी केली नाही. आम्ही दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसत नाही आणि त्याला सभ्यता म्हणतो. जागा छान आहे. झोपायची खोली उबदार, कॉफी भरपूर.

३ एप्रिल, सोमवार
मोठ्या फायली वाटेत हरवायच्या, ती खोड सापडली. शहराचं आणि डोंगराचं जाळं एकच भासावं म्हणून दोन राउटरांमध्ये एक आभासी बोगदा जोडलाय. माहितीचं एक पॅकेट पंधराशे बाइटचं. त्यावर बोगद्याचं वेष्टन पन्नास, कुठल्या विभागाचं ते सांगणारी चिठ्ठी चार. मधली वाट पंधराशेच्या वर एक बाइट घेत नाही. म्हणून लहान पॅकेट सुखरूप पोचतं, मोठं नाहीसं होतं. अशा वेळी राउटरने "मोठं आहे, लहान करून पाठव" असं उलट कळवायचं असतं. इथे कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली तो निरोपच बंद केलाय. मला याची चीड येते. नकार देणं हा कुणाचाही हक्क आहे. नकार पोचूच न देणं हा गुन्हा आहे. शहरातल्या देखरेखीच्या फलकावर मात्र आमचे सगळे दिवे हिरवे, कारण "आहेस का?" "आहे" एवढी चिमुकली हाक बिनबोभाट जाते-येते.

५ एप्रिल, बुधवार
दोन्ही टोकांना पॅकेटची मर्यादा चौदाशे सेहेचाळीसवर आणायची. दोन ओळींचं काम. रागनिल फोनवर म्हणाली, "ईस्टरच्या सुट्टीआधीच्या बुधवारी दुपारनंतर राउटरला हात लावायचा नाही, अगदी देवानेसुद्धा. मंगळवारी कर. दिवा हिरवा आहे ना? मग झालं तर. मी गाडीवर स्की बांधतेय, ठेव फोन." आणि मी, नियमांविरुद्ध आयुष्यभर घसा फोडलेला माणूस, बरं म्हणालो.

नंतर सहज त्या हाका उघडून पाहिल्या. त्यांत नुसती जागा भरायला काही अक्षरं असतात, ती कुणी वाचत नाही. खाणीच्या टोकाला कपाटांचं आतलं दालन आहे, तिथून येणाऱ्या हाकेत लिहिलं होतं: मी आत आहे. दार उघडा. ऑस्मुंड.

मी धावलो.

६ एप्रिल
दार कार्डाने आत घेतं. बाहेर सोडायला शहरातून परवान्याचं पत्र यावं लागतं. ते लांब असतं, मोठ्या पॅकेटातून निघतं, म्हणून येत नाही. राउटर, फोन, सगळं दाराच्या पलीकडे. आग लागू नये म्हणून इथल्या हवेत प्राणवायू कमी ठेवतात, डोकं ठणकतंय. शेवटच्या कपाटामागे ऑस्मुंड बसलाय. जीव केव्हाच गेलाय, वाळून गेलाय. मांडीवर संगणक. चालू.

८ एप्रिल
मीही तेच केलं — सोबत आणलेल्या संगणकावरून हाकेत शब्द भरले. शहरातलं यंत्र आलेली अक्षरं जशीच्या तशी परत पाठवतं. मी: दार उघडा. शहर: दार उघडा. हजार वेळा तरी. दाराशेजारच्या पट्टीवर शहराची ओळ येते — आतलं दालन: हिरवं.

१० एप्रिल
कळलं. शहरातल्या फलकावर कपाटांचे दिवे वेगळे. या दालनाचा दिवा आमच्या दोघांच्या हाकांवरच जळतोय. गप्प झालो तरच कुणी येईल. माझी वायर उपटली. त्याचीही. पाणी संपलं.

११, मंगळवार
हिरवं. अजून हिरवं —

त्याची वायर माझ्या हातात आहे. दोन्ही टोकं. पडद्यावर ओळी सरकताहेत. दार उघडा — दार उघडा — बॅटरी काढून फेकली, तरी — आता त्यात माझंही नाव —

खांदे धरून सांगतोय त्याला, गप्प बस, ऑस्मुंड, त्यांना एकदा वाटू दे की आपण मेलोय, तरच ते