अण्णांचं लेह्यम

८ जुलै १९५७, सोम.
अण्णांनी घरी केलेल्या लेह्यमचा, म्हणजे अवलेहाचा, एकविसावा दिवस. काळं, चिकट, आधी ताडगुळाचा गोडवा, मागून घसा कडू. अनशापोटी एक चमचा, वर कोमट दूध. अण्णा कचेरीला जाण्याआधी समोर उभे राहून घ्यायला लावतात. मग प्रश्न. भूक? झोप? लघवी साफ? खालची पापणी ओढून डोळे बघतात. मी बत्तीस वर्षांची मास्तरीण, पण तेवढा वेळ आठ वर्षांची होते. बाबा गेल्यावर ह्या थोरल्या भावानेच वाढवलं, बी.ए. करवलं. टायफॉइडनंतरचा अशक्तपणा गेल्याशिवाय सोडणार नाहीत म्हणे. कुणी इतकं विचारलं की बरं वाटतं.
पथ्य : चिंच बंद, वांगं बंद. तंजावरात चिंचेवाचून जेवायचं म्हणजे शिक्षाच.

११ जुलै
बाटलीवरच्या नव्या चिठ्ठीचा मजकूर अ.नी माझ्याकडून लिहवून घेतला. तमिळ नि मराठी. 'सोळा वनस्पतींचं. कसलाही अपाय नाही.' कोणत्या सोळा, विचारलं. "ते तुज कशास? तूं अक्षर नीट काढ." काढलं.
शाळेत कमला टीचरला एक बाटली दिली. तिचे गुडघे धरतात. मी स्वतः घेते, काही होत नाही, असं छातीठोकपणे सांगितलं.

१५ जुलै
तळहातांना, तळपायांना खाज. भाताचा वास आला तरी पोटात ढवळतं. अ. म्हणाले, "लागू पडतंय. आंतली घाण बाहेर येत्ये. सोडूं नकोस." सोडलं नाही.

१९ जुलै
नववीला भूमिती चालू असताना कमला दारात आली, मला बाहेर बोलावलं. "यमुना, अय्यो, तुझे डोळे!" आरशात पाहिलं. हळद. लघवी तर चार दिवस कॉफीच्या डिकॉक्शनसारखी होते आहे, मी उन्हावर ढकलत होते. कमलाला म्हटलं, बाटली टाकून दे, आजच. तिने आठ चमचे घेतलेत. का, कशाने, हे तिला माझ्याच तोंडाने सांगावं लागलं.

२० जुलै
डॉक्टरीणबाईंकडे. पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं. कावीळ. "काय औषध घेता?" औषध नाही, लेह्यम, नुसत्या वनस्पती, असं म्हटलं. बाई हसल्या नाहीत. "अरळी म्हणजे कण्हेरसुद्धा वनस्पतीच. वाटून प्यायली तर माणूस मरतं." दूषित पाण्यानेही होतं, लेह्यमनेही होऊ शकतं, आत काय आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाल्या. कोण करतं? मी म्हटलं, ओळखीचे आहेत. ओळखीचे!
सक्त विश्रांती. लेह्यम बंद.

२२ जुलै
अ.ना सोळाची यादी मागितली. चेहरा पडेल असं वाटलं होतं. उलट भडकले. "पथ्य मोडलंस तूं. शाळेंत रसम प्यालीस असशील." पाच आठवडे चिंचेचं बोटसुद्धा जिभेला लावलं नाही मी. शेजारपाजारही तेच बोलतो. यमूने पथ्य मोडलं. चुकलं असेल का कधी, हे मीही आठवू लागले. किती सहज दोष अंगावर घेते मी.

२५ जुलै
वहिनी पेज घेऊन आल्या. सहज म्हटलं, तुम्ही कधी घेतलंत का हो? पदर तोंडाला लावला. मग एकदम रडू.
"मज ते देत नाहींत यमू. वैकासींत पापनाशमचे एक मास्तर आले होते. त्यांच्या बायकोचे डोळे असेच पिवळे. ओसरीवर उभे राहून ओरडले. ह्यांनीं पथ्य मोडलं म्हणून घालवून दिलं. मग आंत येऊन मज म्हणाले, तूं हात लावूं नकोस."
वैकासी महिना जूनच्या मध्याला सरतो. माझा पहिला चमचा अठरा जूनचा.

२६ जुलै
विचारलंच. अ. झोपाळ्यावर बसले होते. खोटं बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.
"त्या घाण्यांत एक जिन्नस जास्त पडला होता. कमी केला. नवा पाक जुळला कीं नाहीं बघायला नको? परक्यावर कसा बघूं? तूं घरचीच कीं."
"वहिनी घरच्या नाहीत?"
उठून कचेरीला गेले.
म्हणजे भूक, झोप, लघवी. पापणी ओढून बघणं. रोज सकाळी मी ज्याची वाट बघायची ते. माया नव्हतीच, असं म्हणवत नाही. मायाही असेल. पण मला फसवलं. माझ्या अण्णांनी मला फसवलं. हे लिहिल्याशिवाय खरं वाटेना.

२९ जुलै
खाज कमी. कमला भेटायला आली, डोळे पांढरेस्वच्छ. देवाने राखलं. अ. परसात नवा पाक ढवळताहेत, घरभर वास. ओरत्तनाडूच्या दुकानाकडून मागणी आहे. म्हटलं, थांबवा. "तुझी कावीळ उतरत्ये ना? मग? पाण्याचीच असेल." तसंही असेल! पण कळणार कसं, यादी देत नाहीत तर?

२ ऑगस्ट
बाटल्या भरून झाल्या. उद्याच्या बसने ओरत्तनाडू. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय, करणाऱ्याचं नाव लिहून आणा, मी आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवते, पुढचं ते बघतील. पुढचं म्हणजे अ.ची नोकरीही जाऊ शकते. सकाळपासून तीन कागद फाडले. चौथ्यावर नाव, गाव, पापनाशमची बाई, माझ्या तारखा, सगळं. खाली सही.

३ ऑगस्ट
घोड्याचा जटका बोलावला. अ.नी विचारलं, कुठे? डॉक्टरीणबाईंकडे, म्हटलं. मग म्हणाले, "एकटी जाऊं नकोस, चक्कर येईल. मी येतों." आत सदरा घालताहेत. बाटल्यांची पेटी दारातच आहे, तीही जटक्यात घालायची, बसस्टँड वाटेवरच आहे म्हणे. कागद पर्समध्ये. त्यांच्यासमोर तो बाईंच्या हातात देववेल का मला, माहीत नाही. वहिनींनी खूण केली, अ. आले बाहेर.