पिंजऱ्यातील मादी जंगलात न सोडण्याबाबत

प्रति,
मा. वनाधिकारी साहेब,
वनविभाग कार्यालय.

विषय: सरकारी पिंजरा आणखी नऊ दिवस आमच्या परसात राहू देण्याबाबत व त्यातील मादीला जंगलात न सोडण्याबाबत.

संदर्भ: आपले अभिनंदनाचे पत्र, जावक क्र. ३१२, दि. १०.

महोदय,

१. मी निवृत्त घड्याळजी असून आमच्या परसात पाच कोंबड्या व एक कोंबडा होता. मागील महिन्यात रानमांजराने चार कोंबड्या व शेवटी कोंबडाही नेला. ते पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी येते. चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली, पण वेळेचा इतका पक्का नग माझ्या हाताखालून गेलेला नाही. खुराड्याची बाहेरची कडी ते पंजाने उचलते. कोंबडा गेल्यावर मी दाराला भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची स्प्रिंग बसवली, जेणेकरून दार आपोआप लागून कडी पडावी. यावर आमच्या सौभाग्यवतींनी "वरातीमागून घोडे" एवढेच म्हटले व त्या भाजी निवडू लागल्या.

२. आमच्या विनंतीवरून आपण दि. १ रोजी रानमांजर पकडण्याचा पिंजरा पाठवलात, त्याबद्दल आभारी आहे. सोबतच्या सूचनापत्रात आमिष म्हणून जिवंत कोंबडी ठेवावी असे होते. सौभाग्यवतींचे त्यावरचे शब्द जसेच्या तसे देतो: "चार पोरी गेल्या माझ्या. पाचवी काय ताट वाढून ठेवू?" नंतर त्यांनी पिंजऱ्याचे गज हलवून पाहिले आणि असा निष्कर्ष काढला, की ज्यातून रानमांजर बाहेर पडू शकत नाही, त्यात ते शिरूही शकत नाही. मी बराच विचार केला, पण मला यात चूक सापडली नाही. सबब उरलेली कोंबडी, जिला घरात मावशी म्हणतात, तिला पिंजऱ्यात ठेवून दार तारेने बांधले. दि. ३ रोजी मावशी तिथेच अकरा अंड्यांवर बसली. ही अंडी त्या कोंबड्याच्या हयातीतली आहेत व त्यातली निम्मी तरी गेलेल्या चौघींची आहेत. म्हणजे आमच्या खुराड्याचे जे काही उरले आहे, ते सगळे सध्या तिच्या पोटाखाली आहे.

३. दि. ८ रोजी आपले वनरक्षक पाहणीस आले. माणूस सज्जन. त्यांच्या छापील तक्त्यात "पिंजऱ्यात प्राणी आहे की नाही", "नर की मादी" आणि "स्वभाव" असे तीनच रकाने होते. कोणता प्राणी, हे विचारणारा रकाना नव्हता, कारण पिंजरा रानमांजराचा. त्यांनी "आहे" लिहिले, "मादी" लिहिले, आणि जवळ जाऊन पाहताना मावशीने बोटाला चोच मारल्यामुळे "आक्रमक" असेही लिहिले. मी सही केली, कारण तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

४. त्यानंतर आपले संदर्भीय पत्र आले. त्यात रानमांजर पकडल्याबद्दल आमचे अभिनंदन असून, बुधवार दि. १६ रोजी गाडी येईल, पिंजऱ्यातील मादीला दाट जंगलात सोडले जाईल व पिंजरा जमा करून घेतला जाईल, असे कळवले आहे. मी कार्यालयात फोन केला. तेथील लिपिकांनी सांगितले, की नोंद झालेला प्राणी नोंदीतून काढता येत नाही. फार तर पळाला म्हणून लिहून द्या, मग चौकशी लागेल. महोदय, आजवर रानमांजर निदान स्वतः चालत येत होते. आता सरकारी गाडीने कोंबडी त्याच्या दारात पोचती होणार, हे मनाला पटत नाही. सौभाग्यवतींनी परवापासून जेवण जवळजवळ सोडले आहे. त्या पिंजऱ्याजवळ पाट टाकून बसतात. मला त्यांची फार काळजी वाटते, आणि खरे सांगायचे तर मावशीचीही.

५. अंडी उबायला एकवीस दिवस लागतात. उद्या, सोमवारी, बारावा आहे. कोंबडी एकदा हलवली की पुन्हा बसेलच असे नाही. तरी नऊ दिवसांची मुदत मिळावी.

६. वरील मजकूर काल लिहून ठेवला होता. आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी परसात "खट्" असा आवाज झाला. हा आवाज मी ओळखतो, ती माझी स्प्रिंग आहे. जाऊन पाहतो तर रानमांजर सवयीने रिकाम्या खुराड्यात शिरलेले, दार लागलेले आणि कडी पडलेली. कडी आतून उचलता येत नाही. सौभाग्यवतींनी दाराला पाटा टेकवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "घोडं पोचलं एकदाचं." लग्नाला छत्तीस वर्षे झाली. इतके कौतुक प्रथमच झाले.

७. तरी बुधवारी गाडी अवश्य पाठवावी. मात्र तिने पिंजऱ्याऐवजी खुराडे उचलावे. आपल्या नोंदीतही फारसा बदल करावा लागणार नाही. प्राणी आहे, आक्रमक आहे. मादी आहे की नाही हे वनरक्षकांनी स्वतः पाहावे.

आपला नम्र, व आजपुरता घरात मान असलेला,

(सही)
निवृत्त घड्याळजी, गल्लीतले शेवटचे घर
सोमवार, दि. १४

सोबत:
१) आपल्या पत्राची प्रत.
२) खुराडे सरकारी वापरासाठी उसने दिल्याची पावती, आपल्या सहीसाठी. अटी आपल्याच पिंजऱ्याच्या पावतीवरून उतरवल्या आहेत. वस्तू नऊ दिवसांत, स्प्रिंगसह, सुस्थितीत आणि रिकामी परत करावी.