कालकथित बन्सीच्या खात्यातून परत मिळालेली रक्कम

लिहून ठेवणार: श्रीमती द्वारकाबाई बन्सी हिवराळे, वय ६१, धंदा शिवणकाम, राहणार स्टेशनच्या मागची गल्ली, मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर.

मी वर नमूद केलेली द्वारकाबाई हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. थोडी कमी असती तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर घाबरू नका म्हणतात आणि मी घाबरलेली नाही. माझ्या मागं माझ्या मुलीला, निशाला, कुणाच्या खिडकीसमोर हात जोडून उभं राहावं लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिते. वकीलसाहेबांनी कच्च्या मसुद्यातला बराच मजकूर अनावश्यक म्हणून खोडला होता. तो मी परत लिहिला आहे.

कलम १. घर

खालच्या दोन खोल्या आणि वरची पत्र्याची खोली हे सगळं घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझी एकुलती एक मुलगी निशा हिच्या मालकीचं व्हावं. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. माझे दीर काकासाहेब यांचा तर नाहीच.

वरची खोली आमच्या बँडची होती. माझे पती कालकथित बन्सी हिवराळे क्लॅरोनेट वाजवायचे, त्यांचे जोडीदार गयासभाई ट्रम्पेट. लग्नसराईत कन्नड, वैजापूरपर्यंत बोलावणी असायची. सगळ्यांचे कोट मी शिवायचे आणि सुपाऱ्याही, म्हणजे ठरलेल्या कामाचा विसार, मीच घ्यायचे. पुढं लोक दिव्यांची गाडी मागायला लागले, तेव्हा आम्ही बँकेचं कर्ज काढून मोठ्या कर्ण्यांची गाडी बांधली. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात टाळेबंदी लागली. लग्नं होत राहिली, पण वाजवायची बंद झाली. ज्यांनी सुपारी दिली होती ते परत मागायला आले. आम्ही परत दिली.

त्या बँकेचं नाव मी इथं लिहीत नाही. माझ्या मृत्युपत्रात तिला जागा द्यायची नाही.

कलम २. क्लॅरोनेट

हे गयासभाईंना द्यावं. ते ट्रम्पेटवाले आहेत हे मला कळतं, पण त्यात फुंक मारील असा माणूस तेच शोधू शकतील. मात्र ते पेटीत बंद करून ठेवू नये. मी ठेवलं. निशाचे वडील पहाटे वरच्या खोलीत रियाज करायचे, एकच सूर श्वास संपेपर्यंत लांबवायचे, मग थांबून परत तोच. ते गेल्यावर तो सूर मला ऐकू यायला लागला. पहिल्या वेळी मी जिना चढून वर गेले. पेटीला कुलूप होतं. सकाळी शेजारच्या आशाबाईंना विचारलं, "तुमाला काई आयकू आलं का?"

"रेल्वेचा भोंगा आसंल, द्वारकाबाई."

रेल्वेच्या भोंग्याला मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागत नाही.

कलम ३. शिलाई मशीन आणि कोट

मशीन आशाबाईंना द्यावी. लाल कोट ज्याचा त्यानं न्यावा, कुणी त्याचं फडकं करू नये. निशाच्या वडलांचा कोट मी उसवून ठेवला आहे. उसवल्यावर त्याचं काय करायचं ते मला सुचलं नाही. निशाला सुचलं तर तिनं करावं.

कलम ४. बँकेकडून परत मिळालेली रक्कम

ही रक्कम पोस्टात वेगळी ठेवली आहे आणि तिला मी हात लावलेला नाही. आकडा निशाला माहीत आहे. ती कशी आली हे लिहिल्याशिवाय ती कुणाला देताही येत नाही, म्हणून लिहिते.

टाळेबंदीत हप्ते थकले. हप्ता परत गेला की दंड, खात्यात पैसे कमी म्हणून वेगळा दंड, आणि त्या दंडावर कर. निशाचे वडील शाखेत जाऊन म्हणाले, "साहेब, लग्नंच बंद हायत. हप्ता आज ना उद्या फेडतो, दंड तेवढा नका लावू."

साहेब म्हणाले, "मी कुठं लावतो? सिस्टिम लावते."

अर्ज ठेवून घेतला. उत्तर आलं नाही. खातं रिकामं असलं तरी दंड मागं उभा राहतो, आणि पैसा आला की आधी तोच उचलून नेतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात निशाच्या वडलांना श्वास पुरेना. आयुष्यभर ज्याच्या जिवावर पोट भरलं तोच श्वास. सरकारी दवाखाने भरलेले होते. जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात खाट मिळत होती, पण आधी अनामत भरायची होती. गयासभाईंनी बँडमधल्या प्रत्येकाकडून जमेल ते गोळा केलं आणि निशाच्या वडलांच्या खात्यावर पाठवलं, कारण त्या खात्याचं कार्ड माझ्याजवळ होतं. त्यांचा फोन आला, "वहिनी, पैसे पोचले. भरून टाका."

दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीनं कार्ड घासलं. "मावशी, बॅलन्स नाही दाखवतंय."

"आत्ताच आलेत. पुन्यांदा घासा."

तिनं घासलं. "नाहीये मावशी. बाजूला व्हा, मागं लोक थांबलेत."

निशाचे वडील दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मी सांगितलं तर म्हणाले, "गयास खोटं बोलणार नाय. तू बँकेत जाऊन बघ." एवढं बोलायलाही त्यांना तीनदा थांबावं लागलं. माझ्याशी ते बोलले ते हेच शेवटचं.

निशाला त्यांच्याजवळ ठेवून मी रिक्षानं शाखेत गेले. साहेबांनी पडद्यावर पाहिलं. "मागचे चार्जेस कापले गेलेत."

"साहेब, माणूस दवाखान्याच्या दारात बसलाय. परत टाका."

"इथून होत नाही ताई. वरून होतं."

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता.

दुपार टळल्यावर गयासभाईंच्या बायकोनं, रईसाभाभींनी, हातातल्या बांगड्या गहाण टाकून अनामत भरली. तेव्हा कुठं निशाच्या वडलांना आत घेतलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. अंत्यविधी महापालिकेच्या माणसांनी केला. मला लांबून एक गुंडाळलेलं गाठोडं दाखवलं. तोंड पाहायला मिळालं नाही.

रईसाभाभींच्या बांगड्या मी पुढं शिवणकाम करून सोडवून दिल्या. त्यांचं या रकमेवर काही येणं राहिलेलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमाच्या दिवशी सगळी भावकी जमलेली असताना काकासाहेब उठून म्हणाले, "पैशे खात्यावर आल्ते ना? मंग भरले का नाय? हिनं कुठं घातले, हे इचारा हिला."

बँकेनं नेले असं मी सांगितलं. ते म्हणाले, "बँक काय मेलेल्याच्या टाळूवरचं खाती का? कागद दाखव."

कागद नव्हता. पासबुक निशाच्या वडलांच्या पिशवीत होतं आणि ती पिशवी दवाखान्यातून परत आली नाही. त्यांचा फोन परत मिळाला, पण त्याचं कुलूप उघडून देताना दुकानदाराच्या हातून आतलं सगळं पुसलं गेलं. खात्याचा उतारा मागितला तर शाखेतले म्हणाले, खातेदाराला घेऊन या. गयासभाई तेवढे उभे राहिले. म्हणाले, "पैसे मी पाठवलेत. मला हिशेब नको, तर तुम्ही कोण इचारणारे?" तरी भावकीतल्या बायकांनी माझ्या घरचं पाणी प्यायचं टाळलं. नवऱ्याच्या श्वासाचे पैसे दडवले, असं पाण्याच्या टाकीजवळ बोलताना मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मृत्यूचा दाखला मी शाखेत दिला, शिक्का मारून पोच घेतली. बँकेनं गाडी नेली, विकली, कर्ज बंद केलं. खातं मात्र चालूच राहिलं, आणि पुसलेल्या त्या फोनवर संदेश यायला लागले. प्रिय बन्सी, आपल्या खात्यात किमान शिल्लक नाही. प्रिय बन्सी, आकार वजा करण्यात आला आहे. त्यांच्या वाढदिवशी शुभेच्छा आल्या. एकदा बाईचा आवाज आला, "बन्सीजी आहेत का?" माझ्या तोंडून निघालं, "बाहेर गेलेत." ती म्हणाली, "कधी येतील?" मी बराच वेळ फोन कानाला लावून बसले. तिनं ठेवून दिला तरी बसले.

फोन मी रोज चार्ज करायचे. ज्या बँकेनं त्यांना दारात बसवलं, जगात तेवढीच एक त्यांना नावानं हाक मारत होती.

निशानं तक्रार लिहिली. तिचं म्हणणं साधं होतं. धंदा बंद असताना अर्ज देऊनही लावलेला दंड आणि मेलेल्या माणसाला लावलेला दंड, दोन्ही परत करा. शाखेनं दाद दिली नाही, तेव्हा ती बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडं गेली. तिथून दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर. बँकेकडून एक बाई होत्या, निशाच्याच वयाच्या. म्हणाल्या, "आम्ही सहानुभूती म्हणून अर्धी रक्कम देतो. तुम्ही तक्रार मागं घ्या."

मी म्हणाले, "अर्धी कशी काय? माणूस अर्धा गेला का?"

त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तुम्हाला नक्की काय हवंय, मावशी?"

"त्या दिवशी पैशे होते का नव्हते, तेवढं तुमच्या तोंडानं सांगा. मंग लिहून द्या."

त्यांनी खाली पाहून नोंदी वाचल्या. "सकाळी जमा झालेत. त्याच वेळी थकीत आकारापोटी वळते झालेत."

"म्हंजे होते."

"हो मावशी. होते."

निशा माझ्याकडं बघत होती. मला रडू आलं नाही. उन्हातून घरात आल्यावर डोळ्यांपुढं होतं तसं झालं, काही वेळ काही दिसेना.

पूर्ण रक्कम आली आणि ते वाक्य लेखीही आलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर निशानं ते सगळ्यांसमोर वाचलं.

ही रक्कम मी आधी बँडवाल्यांना परत द्यायला निघाले होते. गयासभाई म्हणाले, "वहिनी, ते पैसे बन्सीसाठी होते. आम्हाला परत घ्यायला नव्हते." एकानंही घेतले नाहीत. सबब ती सगळी रक्कम काढून रोख रईसाभाभींच्या स्वाधीन करावी. कुठल्याही बँकेत ठेवू नये. गल्लीतल्या किंवा बँडमधल्या कुणाच्या माणसाला दवाखान्याच्या दारात अनामतीसाठी थांबवलं, तर भाभींनी ती द्यावी. जात, नातं, परत कधी देणार, काही विचारू नये. आधी माणूस आत जाऊ द्यावा. कुणी परत केली तर पुढच्यासाठी ठेवावी, नाही केली तर मागू नये.

कलम ५. काकासाहेब

सासूबाईंचा तांब्याचा हंडा ते बऱ्याच वर्षांपासून मागत आहेत. तो त्यांना द्यावा. विहारात वाचन अर्ध्यावर असताना ते चप्पल घालून निघून गेले. बोललेलं परत घ्यायला अजून आलेले नाहीत. माझ्यानंतर आले तर निशानं चहा द्यावा, पण दारातल्या खुर्चीवर. आतल्या पलंगावर बसवू नये. वकीलसाहेब म्हणाले, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी लिहिते.

कलम ६. खाती

रक्कम हाती येण्यासाठी निशाच्या वडलांचं खातं बंद करावं लागलं. त्या दुपारी शेवटचा संदेश आला. प्रिय बन्सी, आपलं खातं बंद करण्यात आलं आहे, आपण आमच्यासोबत राहिलात त्याबद्दल धन्यवाद. नंतर फोन वाजला नाही. बाकी सगळ्यांसाठी ते त्या उन्हाळ्यात गेले. माझ्यासाठी ते त्या दुपारी गेले. सही करताना हात थांबला होता, पण मी सही केली.

माझं खातं मात्र निशानं लगेच बंद करावं, भेटायला येणारी माणसं घरात असतानाच. माझ्या नावानं आलेला एकही संदेश तिनं वाचू नये.

कलम ७. अंत्यविधी

बौद्ध पद्धतीनं, साधा. माझं तोंड झाकू नये. ज्याला पाहायचं त्याला पाहू द्यावं, आणि निशाला हवा तेवढा वेळ पाहू द्यावं.

कलम ८

मागच्या महिन्यात झडपेच्या तपासण्यांसाठी गेले, तिथं त्या वेळी निशाच्या वडलांना ज्यांनी तपासलं होतं तेच डॉक्टर भेटले. मी ओळख दिली. त्यांना आठवत नव्हतं. कसं आठवणार, तेव्हा किती माणसं. मी विचारलं, "डॉक्टर, सकाळीच आत घेतलं असतं तर वाचले असते का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मावशी, असा विचार करू नका."

"विचार नाय करत. इचारते."

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "खरंच सांगता येत नाही."

नाही म्हणाले असते तर मी सुटले असते. हो म्हणाले असते तरी काहीतरी एक नक्की झालं असतं.

बँकेनं पैसे दिले, लिहून दिलं, माझ्यावरचा आळ गेला. सकाळ ते दुपार एवढा वेळ मात्र कुणाला परत करता आला नाही. त्या वेळेत काय झालं असतं, ही शंका माझ्याजवळ आहे. ती मी कुणाच्या नावे करत नाही. निशा त्या दिवशी वडलांचा हात धरून त्या खुर्चीजवळ उभी होती, त्यामुळं ही शंका तिच्या वाट्याला आपोआप जाईल याची मला भीती आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. ती तिला देऊ नये, तिनं मागितली तरी देऊ नये. ती माझी आहे आणि माझ्यासोबत जळावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी निशानं करावी. यापूर्वी मी असा लेख केलेला नाही. वरचा मजकूर मी स्वतःच्या अक्षरात लिहिला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळायचं नाही.

सही: द्वारकाबाई बन्सी हिवराळे

साक्षीदार
१. मालनबाई रंगनाथ पगारे, राहणार मुकुंदवाडी
२. मुनीब अब्दुल रशीद शेख, झेरॉक्स व स्टेशनरी दुकान, मुकुंदवाडी

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५