उन्हात वाळत घातलेली कॉईल

आणि मी मुद्दामच आलो नाही, हे तू अजून म्हणतच असशील, अक्का. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आखाजीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी होऊन आला नाही, मी पिशवी भरून ओट्यावर बसून राहिले, सासरी हसं झालं, हे सगळं तू मायजवळ बोललीस आणि मायने ते मला जसंच्या तसं ऐकवलं. बोल. पण आधी सौ. दिपमाला अक्कास धाकट्या भटूचा मोरबीहून नमस्कार. दाजींना आणि तुझ्या सासऱ्यांना, प्रेमराज आबांना (ते हसत असले तरी) माझं पाया पडणं सांग. पोरांना ऊन लागू देऊ नको. मी बरा आहे. टाइलच्या कारखान्यात भट्टीजवळ काम आहे, त्यामुळे आपल्या भडगावचं ऊन आता मला गारच लागतं.

तर गाडीचं. नानांची व्हॅन मागच्या आखाजीला तुझ्या दारात बंद पडली आणि आबांनी माणसं लावून ढकलून दिली, तेव्हापासून नानांनी मनात धरलं होतं की या वर्षी दिपूला आणायची ती आपल्याच गाडीने. गाडी सकाळी चालू होते, गिरणेचा पूल ओलांडला की गरम होऊन बंद पडते, निवली की पुन्हा शहाण्यासारखी चालू. मी सुट्टीवर आल्या आल्या मोबाईलवर बघून सांगितलं की ही कॉईल. (कॉईल म्हणजे बॅटरीचा बारीक करंट मोठा करून प्लगला ठिणगी पाडणारा मुठीएवढा काळा डबा. दाजींना विचारू नको, त्यांना ठाऊक नसणार आणि तरी ते सांगतील.) नाना म्हणाले, खराब आहे हे डोळ्यांनी दाखव, मग नवी आणू. आठवीतून उठलेल्या पोराच्या शब्दावर ते खिशात हात घालत नाहीत.

मग तपासणी. प्लग काढून वायरीला लावला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि नानांना किल्ली फिरवायला सांगितली. निळी ठिणगी, ताडताड. नाना खाली उतरले आणि म्हणाले, "कॉईल बठ्ठी नीट शे. तुनं डोकं तपास." थंड असताना ती नीटच असते, तेच तिचं दुखणं आहे, हे मी सांगेपर्यंत ते चहाला निघून गेले. मग पियुष वायरमनचा मीटर मागून आणला. काटा हलला म्हणजे आतली तार जोडलेली, नाही हलला म्हणजे तुटलेली. आता कॉईल गरम करायची कुठे? चुलीवर ठेवली तर जळायची. गच्चीवर मायने तुझ्यासाठी घातलेले ज्वारीचे बिबडे धोतरावर वाळत होते. त्यांच्या मधोमध कॉईल ठेवली आणि कावळे हाकत बसलो. दुपारी मीटर लावला, तर काटा मेलेला. अक्का, पहिल्या पगारालाही एवढा आनंद झाला नव्हता. कॉईल फडक्यात धरून पळत खाली आलो, तर नाना जेवत होते. त्यांनी भाकर संपवली, वरून रस मागितला, हात धुतले, चष्मा शोधला. तोवर कॉईल निवली आणि काटा टुणकन उभा. पुन्हा गच्ची, पुन्हा काटा मेला. नानांना म्हटलं तुम्हीच वर या, तर त्यांचे गुडघे. तुझा फोन आला तेव्हा मी "निघतोच" म्हणालो ते खोटं नव्हतं. कॉईल तापली की निघणारच होतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी आपल्या गल्लीतला नवल कांद्याची पिकअप घेऊन तुमच्या पिंपळनेरला निघाला. मला म्हणाला, बस पुढे. मी एक पाय आत टाकलाही होता. नानांनी दंडाला धरून उतरवलं. मुराळी काय कांद्याच्या गोण्यांबरोबर जातो? म्हणून तुझा बिबड्यांचा डबा तेवढा गेला, मी राहिलो. आणि वर जाऊन बघतो तर कॉईल गायब. आम्ही माकडांवर आळ घेतला, शेजारच्या पोरांवर घेतला. नानांनी तर सरळ माझ्यावर घेतला (मी म्हणे ती भंगारात विकली, म्हणजे नवी घ्यावी लागेल). सणाची दुकानं बंद. माय एकटी सांजोऱ्या तळत होती. संध्याकाळी मी निंबाचा झोका सोडायला चढलो, तर खालून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दिपू येई." तो झोका अजून तसाच बांधलेला आहे. त्यावर कुणाला बसू देत नाही.

असो. माझी चूक असेल तर सांग.

तुझा भटू

ता.क. काल नवलचा फोन आला, बिबड्यांच्या डब्यात दगड भरले होते का म्हणून. मग मायला विचारलं. ती म्हणाली, बिबडे गोळा करताना ते काळं वजन हाताला लागलं. वाऱ्याने उडू नयेत म्हणून भटूने ठेवलं असेल, तर डब्यातही हलू नयेत म्हणून तिने ते मधेच ठेवून दिलं. तू रागात डबा उघडला नसशीलच.

आणखी एक ता.क. महिनाअखेरीला इथली भट्टी दुरुस्तीला बंद राहणार, मी घरी असेन. पोरांना घेऊन एसटीने ये आणि कॉईल आण. आबांना दाखवू नको. बसमध्ये ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं झाकण असतं, त्यावर ती ठेव, म्हणजे तापलेली राहील. उतरल्यावर कुणाच्या पाया पडत बसू नको. आधी ती नानांच्या हातात दे, मीटर मी लावून ठेवतो.

शेवटचं. दाजींच्या फोनवर तुझ्या तिकिटाचे पाठवतो आहे. बायकांना अर्धं लागतं, म्हणून अर्धंच. येण्याचंच. परत सोडायला आपली गाडी आहे, थेट आबांच्या दारात उभी करीन. एकशे पंचवीस रुपये.