तुझ्या टाकीतलं शेवाळ

प्रिय भांडकुदळ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडायला घेतलं असशील, तर जरा थांब. 'परत ये' असं मी म्हणणार नाहीये. तुझ्या टाकीबद्दल लिहितोय. हो, तीच, तू शहर सोडताना घरी ठेवून गेलेली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात शेवाळ झालं होतं. साधंसुधं नाही, केसाळ, हिरवंगार, कुणी महिनोन्महिने न्हाव्याचं तोंड पाहिलेलं नसावं तसं. खडक दिसेनासे झाले होते आणि तू लावलेली जांभळी प्रवाळं त्याच्याखाली मिटून बसली होती. मला हे कसं ठाऊक, असं विचारशील. सांगतो.

कॉलेज सोडल्यावर मी कुठेच फार टिकलो नाही. कारण तुला माहीत आहे, तोंडावर ताबा नाही. आता एका माशांच्या दुकानात आहे. मालक मला 'मिरची' म्हणतात आणि लोकांच्या घरी टाक्या साफ करायला पाठवतात, कारण दुकानात मी गिऱ्हाइकांशी बोललेलं त्यांना परवडत नाही. तर एके दिवशी त्यांनी पत्ता दिला. खाली दाताचा दवाखाना, वर घर, खाऱ्या पाण्याची टाकी, शेवाळ हटत नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण खरं सांगू? तुझं घर एकदा आतून बघायचं होतं. आपली सगळी मजल कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत. त्याच्या पुढे तू मला कधी येऊच दिलं नाहीस.

तुझ्या बाबांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसे, त्यांनी मला पाहिलंय कुठे? माझ्यावरून तुम्ही बापलेक इतके भांडलात, पण मी त्यांच्यासाठी फक्त 'ते कॉलेज सोडलेलं पोरगं'. मीही नाव सांगितलं नाही. दुकानातून आलोय म्हटलं आणि बूट काढून आत गेलो. तर तुझे बाबा पांढरा कोट घालून, बाह्या वर सारून, हात टाकीत घालून टूथब्रशने खडक घासत होते! वर मलाच म्हणतात, "किटण कसं काढायचं ते मला नका शिकवू, जन्म गेला त्यात." पाण्यात हिरव्या धाग्यांचा नुसता धुरळा. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "अहो काका, तुम्ही साफ करत नाही आहात, पेरणी करताय! एकेक तुटलेला धागा दुसरीकडे जाऊन रुजतो." दुसरा कुणी असता तर त्याने मला जिन्यावरून खाली ढकललं असतं. त्यांनी ब्रश पाठीमागे लपवला, आणि म्हणाले, "मग कसं करायचं, सांग."

मग आम्ही रीतसर लागलो. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत घ्यायचं, खडक एकेक करून त्यात ठेवायचा आणि तिथेच शेवाळ उपटायचं, म्हणजे धागे टाकीत सांडत नाहीत. बाबा खालून आपली बारीक आकड्यांची हत्यारं घेऊन आले, कपाळाला दिवा बांधला आणि खडकावर वाकून सवयीने म्हणाले, "आ करा." मी इतका हसलो की खडक हातातून सुटता सुटता राहिला. तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो असेन. टाकीचं पाणी थोडं थोडं बदललं, टाकीवरचा दिवा लवकर मालवायला लागलो, शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणून सोडल्या. बाबांनी त्यांना 'नवे असिस्टंट' म्हणून जाहीर केलं.

पण शेवाळ काही हटेना. दर वेळी जावं तर पुन्हा हिरवी दाढी. पाण्यात खरकटं फार होतंय, हे तपासणीत दिसत होतं, पण येतंय कुठून ते कळेना. बाबा शपथेवर सांगायचे, सकाळी एकदाच खायला घालतो. प्रवाळं दिवसेंदिवस पांढुरकी पडत होती आणि मी चिडून वेडा झालो होतो. ती मेली तर तुझं म्हणावं असं माझ्या आसपास काही उरणारच नव्हतं. मग एका दुपारी मी न सांगता लवकर गेलो. दार उघडंच होतं. दवाखान्याची जेवणाची सुट्टी. बाबा टाकीसमोर उभे, हातात डबी, आणि चिमूट चिमूट चाललेलं. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोकर माशांची जोडी काचेला नाक लावून नाचत होती. मी दारातूनच ओरडलो, "खाली बोर्ड काय लावलाय, काका? दोन जेवणांच्या मध्ये काही खाऊ नये! तो काय फक्त माणसांसाठी?"

ते दचकले. डबीचं झाकण त्यांना लावता येईना. मग म्हणाले, "अरे, मी वर आलो की ते दोघं धावत काचेशी येतात. या घरात दुसरं कोण येतं रे सामोरं?"

मी हात टाकीत घातला, उगाच एक दगड हलवत राहिलो. आणि ते पहिल्यांदाच तुझ्याबद्दल बोलले. म्हणाले, पोरगी फोन उचलत नाही. पण ती सुखात असणार. तो पोरगा आहे ना तिच्याबरोबर. डोक्याने गरम आहे म्हणतात, पण सोबत तरी आहे. "म्हणून मीही फार मागे लागत नाही. रमली असेल, रमू दे." माझा हात खांद्यापर्यंत तुझ्या टाकीत, आणि हे मला सांगताहेत की मी तुझ्याबरोबर आहे.

आणि मी काय समजत होतो? तू मला तोडलंस ते बाबांशी गोडी झाली म्हणून. दर सुट्टीला तू त्यांच्याशी फोनवर तासभर बोलत असशील, असं धरून मी त्यांच्यावर जळत होतो. आम्ही दोघंही तुला एकमेकांच्या हवाली करून निवांत होतो. म्हटलं, "काका, तो पोरगा मी आहे." त्यांनी चष्मा काढला, कोटाला पुसला, पुन्हा घातला. "तरीच," म्हणाले, "पहिल्याच दिवशी एवढं ओरडतो कोण!" मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. फक्त विचारलं, "मग तिच्याजवळ कोण आहे?"



तेव्हापासून माशांना दिवसातून एकदाच, तेही मोजकं. मधे हात शिवशिवला की बाबा मला दुकानात फोन करतात. बोलायचं काहीच नसतं, "काय चाललंय" म्हणतात आणि दोघंही धरून ठेवतो. मालक विचारतात, "मिरची, दाढ दुखतेय का? रोज डॉक्टरचा फोन!" शेवाळ आता विरळ झालंय. गेल्या आठवड्यात जांभळं प्रवाळ उमललं. मी ते कुणाला सांगू म्हणून आजूबाजूला पाहिलं, तर खोलीत मी एकटाच. पंपाचा आवाज येत होता. मिठाच्या पिंपावर तुझ्या हाताने 'ओल्या हाताने उघडू नये' असं लिहिलेलं आहे, ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग घरी गेलो. घरी म्हणजे माझ्या खोलीवर, जिथे गेल्यावर दिवा लावायचाही कंटाळा येतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बाबा येताहेत. येत्या रविवारी सकाळी, तुझ्याकडे. दवाखाना बंद ठेवून, तिकीट काढून. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय; कळलं तर तू कुठे निघून जाशील, अशी त्यांना भीती आहे. मी कबूल झालो होतो आणि आता शब्द मोडतोय, कारण मी तुला ओळखतो. अवचित दारात पाहिलंस तर तुझ्या तोंडून पहिलं वाक्य धारदारच निघेल, आणि ते आता उलटून भांडत नाहीत गं. पिशवी उचलून परत फिरतील. म्हणून तुझा सगळा राग आत्ताच काढ, माझ्यावर काढ, हा कागद फाड हवा तर. "तूही चल ना," असं ते मला म्हणाले होते. मी म्हटलं, टाकीतलं रोज वाफ होऊन उडालेलं पाणी भरायला कुणीतरी हवं. हे त्यांना पटलं. खरं म्हणजे मी दारात असलो तर तू माझ्याकडे बघशील किंवा मुद्दाम बघणार नाहीस, आणि त्या वेळी तू त्यांच्याकडे बघायला हवंस. ते विचारतील, एकटी राहतेस का. 'मजेत आहे' म्हणू नकोस. असेल ते सांग. ऐकून घेतात ते, मी पाहिलंय. माझ्याबद्दल काही बोललीच नाहीस तरी चालेल. फक्त दार उघड.

तुझाच (एवढं काही बदलता आलं नाही),
भडक्या