वारुळापलीकडचा खड्डा

भर दुपारी कोण झोपतं गं? जेव्हा फोन लावावा तेव्हा तुझा नवरा उचलतो आणि म्हणतो, "आजी, ती झोपलीय." बाळंतीण आहेस का तू? त्याला सांग, खोटं बोलायचं तर ताजं तरी बोल, एकच खोटं किती वेळा शिळं करून वाढशील!

प्रिय फेत,

अक्षर वाईट आहे. आकाशातून बोंबी पडायच्या ती लढाई संपल्यावर देवळाच्या ओट्यावर बायकांना लिहायला शिकवत होते, तेवढ्यात भाताची लावणी आली आणि माझी शाळा संपली. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असतं, पण हे गावाच्या कानावर जाता कामा नये, आणि लिहिणारे सगळे गावातलेच. तेव्हा अक्षर लावून लावून वाच.

डुकरीण व्याली. दोन पिल्लं तिनंच अंगाखाली चिरडली. तुझ्या बापाच्या करवतीला गंज चढतोय, मागायला आलेल्यांना मी हाकलून दिलं. बायका विचारतात, फेत कशी आहे? मी म्हणते, व्हिएंतियानला मजेत आहे, तुमच्यासारखी लाकडं फोडावी लागत नाहीत तिला. खरं काय ते मला ठाऊक आहे. बाप गेला तेव्हा आलीस, घासभर भातही न खाता गाडीत बसलीस आणि म्हणालीस, "आजी, माझ्या मशीनला सापडायची राहिली ती बोंबी." तेव्हापासून नोकरी टाकून खोलीत बसली आहेस.

दवाखान्याची जागा तुझ्या टोळीनं बोंबींसाठी तपासली तेव्हा तुझा बाप थोंगवान किती फुगला होता! तुम्ही गुडघ्यावर बसून बोट बोट जमीन चाचपत होता आणि सिंग म्हातारा कुंपणाबाहेरून ओरडायचा, "अरे थोंगवान, तुझी पोर नवऱ्याला जेवायला घालते की नाही देव जाणे, पण साऱ्या गावच्या जमिनीच्या उवा काढत बसलीय!" थोंगवान म्हणायचा, "तुझ्या डोक्याकडे नंतर बघेल ती, आधी जमीन होऊ दे." दुपारी माझ्याकडे चिकट भात आणि मिरचीचा ठेचा खायला यायचीस. शेवटच्या दिवशी हद्दीचे खुंटे ठोकून म्हणालीस, "वारुळापर्यंत साफ झालंय आजी. वारुळापलीकडे कोणाला पहार मारू देऊ नका." हेच तू चौकात उभी राहून गावालाही सांगितलंस. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या गावात माना डोलवायला काही लागत नाही.

अशा मरणानं गेलेल्याला आपण गावात आणत नाही, हे तुला माहीत आहे. त्याचा जीव पडल्या जागीच घुटमळतो, म्हणून तिथं जाऊन हाक मारावी लागते. गावप्रमुख बुनमी म्हणत राहिला, "मावशी, तुम्ही नका येऊ, आम्ही बोलावतो त्याला." तो जेवढा टाळत होता तेवढी मी हट्टाला पेटले. भाताचा गोळा, अंडं आणि पांढरा दोरा घेऊन एकटीच गेले. पोराला हाक मारायला तोंड उघडलं आणि नजर खड्ड्यावर पडली. खड्डा वारुळाच्या पलीकडे होता. तुझे हद्दीचे खुंटे त्याहून पलीकडे ओळीनं उभे होते. पण त्यांच्या बुडाची माती नवी होती, आणि वारुळाच्या अलीकडे जुन्या खुंट्यांची भोकं तशीच उघडी होती. मी म्हातारी आहे, आंधळी नाही.

तशीच बुनमीच्या दारात गेले. "खुंटे कोणी हलवले?"

"पावसानं असतील, मावशी."

"पाऊस ओळीनं खुंटे ठोकतो का रे? मग त्यालाच गावप्रमुख करू, तुझ्यापेक्षा सरळ आहे."

तेव्हा तो खाली बसला आणि बोलला. बांधकामाची दोरी टाकल्यावर सिंग म्हाताऱ्यानं पाहिलं, दार पश्चिमेला येतंय. तिकडून मेलेले जातात, दवाखान्याचं दार तिकडे कसं चालेल? म्हणून इमारत थोडी फिरवली. एक कोपरा वारुळापलीकडे गेला. ठेकेदार म्हणाला, परत तपासायला पाहिजे, पण टोळी पावसाळ्यानंतरच येईल. त्यावर तुझा बाप हसला. म्हणाला, "माझ्या फेतनं विंचरलेली जमीन आहे ही. चार हात इकडे काय नि तिकडे काय." पहिल्या खांबाचा खड्डा सुतारानं खणायचा असतो. पहार त्यानंच घेतली. पेरूएवढी होती म्हणे बोंबी. चौकशीचे साहेब लोक यायच्या आत बुनमीनं खुंटे सरकवले, म्हणजे खड्डा तू साफ केलेल्या हद्दीत दिसावा. "मावशी, गावानं नियम मोडला असं कळलं तर दवाखाना दुसऱ्या गावाला देतील. थोंगवान तर गेलाच. फेतला शहरात दुसरी नोकरी मिळेल." त्याची सून ट्रॅक्टरवरच रक्त जाऊन मेली, फोनसावानच्या इस्पितळाची वाट अर्धीही सरली नव्हती. तिला मीच धुतलं होतं.

आता कशासाठी लिहिते ते ऐक. तुझ्या मशीननं काही सोडलं नाही. पण बाप तुझ्या भरवशावर गेला, हेही खरं. वाटलं होतं, पहिलं सांगितलं की दुसरं हलकं होईल. होत नाही. मी त्याला जन्म दिलाय, रोज दोन्ही उचलून बघते, दोन्ही तेवढीच जड लागतात. पौर्णिमा झाली की काम पुन्हा सुरू होणार. इमारत फिरवलेलीच ठेवणार. म्हणतात, माणूस गेला त्या जागेवर, आता कुठं सरकवायची? अजून एक कोपरा वारुळापलीकडे पडतो. तुमच्या ऑफिसात हद्दीचा नकाशा असेल, पण साहेबांची चौकशी होईतो हे खड्डा बुजवून वर सिमेंट ओततील. तू बोललीस तर दवाखाना जाईल आणि गाव मला विहिरीवर उभी करणार नाही. गप्प राहिलीस तर त्या कोपऱ्यावर कोणाचा तरी मुलगा पहार उचलेल. मला वाट दिसत नाही पोरी, तुला दिसेल अशी आशाही नाही. पण तुझं साफ कुठं संपलं, हे सांगायचा हक्क फक्त तुझा आहे. मला उत्तर लिहू नकोस. पौर्णिमेच्या आत ये आणि उत्तर बुनमीला दे, चौकात, सगळ्यांसमोर, तू स्वतः.

तुझीच, अजून मेली नाही ती,
आजी