डोंगरावरची काळी माती

माझ्या हट्टी अण्णांना,

तुम्ही पौषात गेलात. तेव्हापासून दोनदा लिहायला बसले आणि उठले. गेलेल्या माणसाला लिहून काय होणार? आज मात्र लिहिते, कारण मला भीती वाटते आहे, आणि जिची भीती वाटते ती वस्तू तुम्हीच दिलेली आहे.

काल दुपारी वळवाची एक सर येऊन गेली. दुष्काळानं पिचलेला आमचा अख्खा अकोले तालुका आभाळाकडे डोळे लावून बसलाय. सर आली तशी माणसं अंगणात येऊन भिजत उभी राहिली. तुमची लेक मागच्या दारात उभी राहून म्हणत होती, थांब बाबा, आता थांब. हे कोणाला सांगू? ऐकणारा वेडीच म्हणेल.

आमचं घर तुम्हाला ठाऊक आहे. मागे डोंगराचा उतार, उतारावर परस. परसातली माती खाली येऊ नये म्हणून दगडावर दगड रचून पुरुषभर उंच ताल घातलेला. तालाला लागूनच आमची मागची खोली. सासूबाई आणि तुमची नात शकू तिथंच झोपतात. काल त्या तालानं पोट काढलं, अण्णा. मधले दगड वीतभर पुढं आलेत.

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा आधी परसात गेलात, मग पाणी प्यालात. मूठभर तांबडी माती उचललीत आणि बोटांतून गाळलीत. ‘सुमे, ही माती हाय का विटंचा चुरा? हितं वांगं तरी धरंल का?’ सासूबाई तेव्हा पालापाचोळा आणि शेण पसरून वाफा भाजत होत्या. डोंगरात बी टाकायच्या आधी तसंच करतात. तुम्ही हसलात. म्हणालात, ‘भाकरी भाजत्यात तशी हे लोक माती भाजत्यात.’ सासूबाईंनी ते ऐकलं होतं. तुम्हाला वाटलं, ऐकलं नाही.

पडलात नेवाशाचे! काळ्या रानापलीकडं जमीनच नाही अशी तुमची समजूत. लोक लेकीला रुखवतात लाडू-करंज्या देतात, तुम्ही वर्षभरानं ट्रकभर काळी माती घेऊन आलात. ट्रक डोंगर चढेना, तर शेवटचा चढ गाढवांवरून आणलीत. सगळं गाव बघायला जमलं होतं. मी लाजेनं मेले होते, आणि मनातून फुलून गेले होते.

त्या मातीत वांगी आली, हे खरं. पण ती वाहून जाऊ नये म्हणून तुम्ही तालाच्या सगळ्या फटी चिखलानं आणि सिमेंटनं बुजवल्यात. तुमच्याकडे बांधानं पाणी धरलं तर तो चांगला बांध. इथं उलटं असतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘इवायबुवा, डोंगरातला ताल पाझरला पायजे.’ तुम्ही कान दिला नाहीत. एकदा, फक्त एकदा, ‘का हो?’ असं विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं?

दुष्काळात काळी भेगाळली. शकूचा हात कोपरापर्यंत आत जायचा. तिचा एक चमचा त्या भेगेत गेला तो आजपर्यंत मिळाला नाही. तरी मी भांड्यांचं पाणी तिथंच ओतत होते, कारण ती तुमची होती. आता काल त्या भेगांतून पाणी आत उतरलंय, माती फुगलीय, आणि त्या पाण्याला बाहेर पडायला एक फट नाही. एका सरीनं हे झालं. खरा पाऊस लागला तर?

हे दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला गेलेत, रविवारशिवाय येत नाहीत. मी सासूबाईंना म्हटलं, काय करायचं ते सांगा. त्यांनी तालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘तुझ्या बापाची माती हाय. तू सांगशील तवाच कुदळ लागंल.’ ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सख्खी नात त्या भिंतीखाली झोपते, आणि ही बाई माझ्या दुःखाचा मान राखून गप्प बसली होती. त्या गप्प बसण्याची मला तालाएवढीच भीती वाटली.

म्हणून मी सांगून टाकलं, काढा. आज अंथरुणं शेजारच्या पडवीत नेली आहेत. सकाळी चार माणसं येणार. कळसूबाईच्या बाजूला आभाळ पुन्हा भरून आलंय. लिहिताना माझं अर्धं लक्ष मागे आहे. एखादा दगड घरंगळला की हात थांबतो.

रागावू नका. ओढ्याकाठी सपाट तुकडा आहे, तिथं तुमची काळी पसरू. तिथं ती हवी तेवढी फुगू दे.

एक गोष्ट मात्र कोणाला बोलले नाही. तुम्ही गेल्याचा निरोप उशिरा आला, घाटात एसटी बंद पडली, आणि मी वाड्यावस्त्या ओलांडत पोचले तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती. बापाच्या मातीला लेक नव्हती. उद्या पहिली पाटी मीच उचलीन. पाऊस आधी आला नाही, तर उद्या तरी मी तुमच्या मातीला वेळेवर असेन.

तुमची,
सुमी